आधी छप्पर, मग एलिव्हेशन

धानाचे चुकारे खात्यात पडले, त्यावर बोनस आला की गोंदिया जिल्ह्यात दोन कामांना जोर येतो : लग्न आणि घर. हल्ली ही दोन कामं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की आधी कुठलं काढावं हेच कळत नाही. मुलीकडची माणसं येतात ती अंगणात चपला काढतानाच वर पाहतात. छपरावर कवेलू दिसले की पोहे खातात, चहा पितात आणि ‘कळवतो’ म्हणून निघतात. मग बाप-लेक बसतात आणि ठरवतात : यंदा घर पाडायचं, चांगला ‘लुक’ द्यायचा.

हा लुक मुलाच्या मोबाइलमधून येतो. समोरून राखाडी-पांढरं एलिव्हेशन, त्यावर एसीपीच्या (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलच्या) चकचकीत पट्ट्या, काचेची गॅलरी, स्टीलचं रेलिंग. आत पीओपीचं सीलिंग आणि त्याच्या खाचेत निळी एलईडी पट्टी. खाली दोन बाय चारची गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, हॉलला लागून ओपन किचन, अंगणभर पेव्हर ब्लॉक. आमगावला जा, देवरीला जा, अर्जुनी मोरगावला जा, नवं घर म्हणजे हेच घर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी निघालेली फॅशन धानाच्या बांधीशेजारी येऊन उभी राहिली आहे, आणि तिला कुणी विचारलेलंही नाही की बाई, तुला इथलं ऊन मानवेल का?

या फॅशनच्या बाजूनं जे बोललं जातं ते आधी नीट मांडतो, म्हणजे विपर्यास केल्याचा ठपका नको. एक, कवेलूचं घर म्हणजे मागासलेपण. आता त्यात कोन राह्यते? दोन, स्लॅब एकदा टाकला की जन्माची कटकट मिटली. तीन, घर तापत असेल तर एसी आहेच. चार, सीलिंग, काच, फरशी यांनी घराची किंमत वाढते. आणि पाच, ज्यांना हे पटत नाही ते सगळे ढोंगी. स्वतः स्लॅबखाली पंखा लावून बसायचं आणि गावकऱ्यांना मातीच्या घराचं कौतुक सांगायचं.

पाचवा मुद्दा सर्वांत टोकदार आहे. तो शेवटी घेऊ. आधीचे चार सरळ निकालात काढता येतात.

मागासलेपणापासून सुरुवात करू. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस कोसळतो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियाच्याच नावावर लागतं. म्हणजे एकाच घराला वर्षात तीन वेगळ्या संकटांना तोंड द्यायचं असतं. जुन्या घरानं त्याची तयारी ठेवली होती. जाडजूड मातीच्या भिंती, पुढं ओसरी, आत लाकडी माळा, त्यावर मातीचा थर आणि सगळ्यांच्या वर उतरते कवेलू, ज्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जायची. उन्हाचा पहिला तडाखा कवेलूवर, उरलासुरला माळ्यावर. खाली जेवायला बसलेल्या माणसापर्यंत फार थोडं पोचायचं. ज्यांनी ही घरं बांधली त्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता हे खरं. पण याच मुलखात कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं ओळखला जाणारा नवेगावबांधचा तलाव झाला, गावोगावी मामा (माजी मालगुजारी) तलाव झाले. पाण्याचा उतार डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसांना उन्हाचा उतार कळत नव्हता, असं म्हणायचंय का?

आता त्याच जागी पाच इंचांचा उघडा स्लॅब येतो. तो दिवसभर ऊन पितो आणि दिवस मावळला की ते खाली सोडायला लागतो. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावा, चटका बसतो. घरातली माणसं अंथरूण घेऊन गच्चीवर जातात, कारण घराबाहेर घरापेक्षा थंड असतं. लाखो रुपये खर्चून ज्यात झोपता येत नाही असं घर बांधणं पुढारलेपणाचं आणि ज्यात दुपारी डुलकी लागायची ते घर मागासलेलं? ही व्याख्या कुणी केली?

स्लॅबनं कटकट मिटते हा दुसरा दावा. तो तपासायला आठ-दहा वर्षं जुन्या स्लॅबच्या घरावर चढावं. बहुतेक ठिकाणी वर लोखंडी पाइपचे खांब रोवलेले दिसतील आणि त्यांवर टिनाचा शेड. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिच्या बुडाशी शेवाळाची हिरवी रेघ. शेडखाली वाळत घातलेले धान, जुनी सायकल, लग्नात उरलेले मंडपाचे बांबू. खाली उतरून खोलीत वर पाहा : पोपडे, ओलीचे डाग, आणि ज्या सळईवरचं काँक्रीट सुटलं आहे तिच्या गंजाची तांबूस रेघ. स्लॅबनं जर कटकट मिटवली होती, तर त्याच्यावर टिन कशासाठी? उतरतं छप्पर नको म्हणून स्लॅब टाकला आणि स्लॅब गळतो म्हणून उतरतं छप्पर टाकलं. एका घरावर दोन छपरांचा खर्च झाला आणि वर म्हणायचं, देखभाल लागत नाही!

यात शेडचा दोष नाही. शेडच्या सावलीनं स्लॅब कमी तापतो, मधून वाराही वाहतो. दोष हिशेबाचा आहे. उतरत्या छपरापासून सुटका नाही हे पहिल्याच दिवशी मान्य केलं असतं तर ते घराच्या नकाशात बसलं असतं, देखणंही झालं असतं.

आणि स्लॅब का गळतो? पाऊस जास्त म्हणून नव्हे. आपल्याकडे स्लॅब पडतो एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे पाऊस लागायच्या आत उरकायचं म्हणून नेमका रणरणत्या उन्हात. भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओलं ठेवा. राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवस ठेवलेलं बरं. आज दुकानातून येणारी बहुतेक पोती राखमिश्रित पीपीसीचीच असतात. आपण किती दिवस पाणी मारतो? मिस्त्री सकाळी एक बादली शिंपडतो, दुपारी विहिरीला पाणी नसतं, चौथ्या दिवशी सगळे विसरतात. सळईखाली वीस मिलिमीटरचा कव्हर ब्लॉक ठेवायचा असतो, तिथं गिट्टीचा खडा सरकवला जातो, तोही निसटतो. गच्चीला पाणी वाहून जाण्यापुरता, शंभर फुटांमागे फूटभर उतार लागतो. तो देण्याऐवजी ‘लेव्हल’ काढून ठेकेदार शाबासकी घेतो. मग एसीपीच्या पट्टीवर हजारो रुपये जातात आणि कव्हर ब्लॉकवर शंभर रुपये जड होतात. याला काय म्हणावं?

तिसरं उत्तर एसीचं. साधा दीड टनाचा एसी ताशी सुमारे दीड युनिट घेतो. रात्रीचे आठ तास चालवला तर दिवसाला बारा आणि महिन्याला तीनशे साठ युनिट. महावितरणचे घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. म्हणजे पंखे, फ्रिज, पंप, टीव्ही यांनी एक युनिटही जाळलं नाही तरी एकट्या एसीनं तिसऱ्या टप्प्यात पाय ठेवला. तोही एका खोलीचा. उरलेल्या खोल्यांत कोण झोपणार, म्हातारी आई? आणि मे-जूनमध्ये वादळ सुटलं, झाड तारेवर पडलं, वीज गेली की त्या बंद काचेच्या खोलीत बसून पाहा. गावात ही वेळ वर्षातून एकदा येते असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

विदर्भाचं खरं यंत्र कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो आणि दोनशे वॉटचा कूलर आठ तासांत दीड-पावणेदोन युनिटच घेतो. पण कूलरची एक अट असते : तो जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर जायला समोर वाट हवी. नव्या लुकमध्ये समोर असते न उघडणारी काच. मग ओल खोलीतच कोंडते, अंग चिकट होतं, पीओपीच्या सांध्यांना बुरशी धरते आणि घरमालक म्हणतो, कूलर काही कामाचा नाही, एसीच घ्यावा लागेल. आधी खिडकी बुजवायची, मग वारा विकत आणायचा. हा व्यवहार धानाच्या मापात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकऱ्याला कसा पटतो?

सीलिंगचे समर्थक म्हणतील, त्यानं उष्णता अडते. थोडी अडते. पण ऊन छपराच्या वर अडवावं की छपरातून आत आल्यावर डोक्यावर पकडावं? दहा फूट उंचीच्या खोलीतून फूटभर सीलिंगनं खाल्लं, पंखा खाली आला, आणि वरच्या अंधारात उंदीर-पालींची सोय झाली. स्लॅब गळायला लागला तर पहिली दोन वर्षं कळतच नाही. कळतं ते पीओपीचा तुकडा देव्हाऱ्यावर पडतो तेव्हा. गळणाऱ्या घरात सीलिंग लावणं म्हणजे जखमेवर रंगीत पट्टी बांधून डॉक्टरकडे जाणं टाळणं.

चौथा मुद्दा किमतीचा, आणि तो तर हास्यास्पद आहे. शहरातला फ्लॅट विकायचा असतो म्हणून तिथं रीसेल व्हॅल्यूची चर्चा होते. सालेकसा किंवा सडक अर्जुनी तालुक्यातल्या गावात तुमचं राहतं घर विकत घ्यायला कोण येणार आहे? तिथं घर विकलं जात नाही, वाटलं जातं. दोन भावांची चूल वेगळी झाली की ऐसपैस हॉलच्या मधोमध चार इंची भिंत उभी राहते. निळी एलईडी पट्टी अर्धी थोरल्याकडे, अर्धी धाकट्याकडे, आणि तिचं बटण तिसऱ्याच खोलीत. ओपन किचन एकाच्या वाट्याला येतं, दुसरा ओसरी बंद करून चूल मांडतो. वाटण्या होणार हे सगळ्यांना माहीत असतं. मग नकाशात दोन दारांची, दोन न्हाण्यांची सोय आधीच का ठेवू नये? पण ती फोटोत दिसत नाही ना!

ओपन किचनचं तर बोलूच नये. तलावांच्या जिल्ह्यात वाळलेल्या झिंग्यांना तेलात परतल्यावर जो वास सुटतो, त्याला हॉलमधल्या नव्या सोफ्यात कायमचा बसवून ठेवण्याची ही योजना आहे. फोडणीचा खाट उठला की पाहुणे खोकतात, यजमान दार उघडतात, आणि चिमणी असली तरी वीज नसते. गुळगुळीत फरशीचंही तसंच. श्रावणात चिखलाच्या पायांनी माणसं बांधीतून घरी येतात. ओल्या पायाला ती फरशी धरत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड मोडलं की नागपूरचा दवाखाना, ऑपरेशन, सहा महिने अंथरूण. खरबरीत कोटा किंवा शहाबादी फरशी यापेक्षा स्वस्त पडते, पण ती ‘जुनी’ दिसते. आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घालून पावसाचं पाणी नालीत सोडायचं, मग एप्रिलमध्ये विहीर आटली म्हणून बोअर खोल करायची. तलावांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या मुलखात अंगणात पाणी मुरायला हातभर माती उरू नये?

आता पाचवा मुद्दा, ढोंगीपणाचा. ‘तुम्ही स्लॅबखाली राहता आणि आम्हाला कवेलूत राहा म्हणता.’ हा प्रश्न रास्त आहे. कवेलूच्या घराचे त्रास खरे आहेत. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की निम्मे कवेलू फुटतात. छपराच्या लाकडी मयालीला उधई लागते. पावसाळ्याआधी कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही, आणि कवेलू भाजणारी कुंभाराची भट्टी गावातून केव्हाच विझली. दर आठवड्याला शेणानं सारवण्याचं काम बाईच्याच वाट्याला येतं. ते तिनं सोडलं तर संस्कृती बुडाली म्हणून गळा काढण्याचा अधिकार कुणालाही नाही. पक्कं घर ही प्रत्येकाची रास्त मागणी आहे.

पण यातून ‘म्हणून काच लावा, सीलिंग करा, पट्ट्या मारा’ हे कसं निघतं? माकडांनी कवेलू फोडले म्हणून पश्चिमेच्या भिंतीला काच बसवायची, हे कुठलं तर्कशास्त्र? मातीचं घर आणि मोबाइलमधलं घर यांच्यामध्ये भरपूर जागा आहे. लॉरी बेकर हा १९१७ साली इंग्लंडात जन्मलेला वास्तुरचनाकार अनेक दशकं भारतात, त्यातही केरळात, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पावसात घरं बांधत राहिला. १९९० मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. स्लॅबच्या खालच्या थरात काँक्रीटचं काम नसतं, ओढ सळया घेतात. म्हणून तिथं जुने कवेलू भरून त्यानं फिलर स्लॅब टाकले. काँक्रीट वाचलं, वजन घटलं, उष्णता कमी झाली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी रॅट ट्रॅप भिंत त्यानं रुजवली. तिला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. आपल्या तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. त्याच्या राखेच्या विटा मिळतात. पाडलेल्या घराचे कवेलू ट्रॉलीत भरून खड्ड्यात टाकण्याऐवजी नव्या स्लॅबमध्ये घालायला काय हरकत आहे? मिस्त्रीला येत नाही, हे उत्तर असेल तर त्याला पीओपीची नक्षी तरी आईच्या पोटातून येत होती का? मागणी झाली तेव्हा शिकला. हेही शिकेल.

आणि ढोंगाचंच बोलायचं तर जंगलाकाठच्या रिसॉर्टमध्ये जाऊन पाहावं. शहरातला पैसेवाला उतरत्या कवेलूखाली, ओसरीवर आरामखुर्ची टाकून बसायला एका रात्रीचे हजारो रुपये मोजतो. तो बसतो तेव्हा ती चैन, आणि तुमच्या वडिलांनी बांधलं तेव्हा ती गरिबी? स्थळं पाहायला येणाऱ्यांनीही मग मे महिन्यात दुपारी तीन वाजता यावं आणि वीज बंद करून तासभर हॉलमध्ये बसावं. मुलगी कुठल्या घरात सुखी राहील हे त्यांना फोटोपेक्षा लवकर कळेल.

या लुकची सर्वांत मोठी शिक्षा गरिबाला होते. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत २०१६ पासून सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचं अनुदान ठरलं, घर किमान २५ चौरस मीटरचं. तेवढ्या पैशात छप्पर आणि भिंतीच कशाबशा होतात. पण शेजारच्या घराचं एलिव्हेशन पाहून घरकुलवालाही समोरच्या भिंतीसाठी सावकाराकडे जातो. मागच्या भिंतीला प्लास्टर नाही, पुढच्या भिंतीला तीन रंग. दोष त्याचा नाही. पक्कं घर म्हणजे समोरून चकाकणारं घर, हे त्याला आपण सगळ्यांनी शिकवलं.

मग खर्च करावा कसा? क्रम उलटा करावा. पहिला पैसा छपराला : कव्हर ब्लॉक, उतार, चौदा दिवस पाणी. जुना स्लॅब असेल तर आधी गळती बंद करा, मग वर पांढऱ्या तुटक्या फरशीचं चायना मोझॅक किंवा दर उन्हाळ्याआधी चुन्याचा जाड हात. ही खेड्यातली युक्ती समजून नाक मुरडू नका. तेलंगण सरकारनं २०२३ मध्ये याच कामासाठी राज्याचं स्वतंत्र कूल रूफ धोरण आणलं. दुसरा पैसा पश्चिमेच्या भिंतीला : तिला काच देऊ नका, दोन फुटांचा छज्जा द्या, ओसरी काढा, जागा असेल तर कडुनिंब लावा. तिसरा पैसा समोरासमोरच्या उघडणाऱ्या खिडक्यांना आणि छताजवळच्या झरोक्यांना. चौथा वायरिंग आणि अर्थिंगला, कारण कूलरच्या ओल्या पत्र्यातून विजेचा धक्का बसणं ही आपल्याकडे उन्हाळ्यातली नेहमीची बातमी आहे. पाचवा अंगणातल्या शोषखड्ड्याला. हे सगळं करून खिशात काही उरलं तर लावा हव्या तितक्या पट्ट्या. माझी काही तक्रार नाही.

घर रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी बांधायचं नसतं. तो दोन सेकंद पाहून पुढे जातो. आत तुम्हाला चाळीस उन्हाळे काढायचे असतात. म्हणून ठेकेदाराला मोबाइलमधला फोटो दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारा : मे महिन्यात दुपारी चार वाजता वीज गेली तर या घरात माझे आई-वडील कुठं बसतील? त्याला उत्तर देता आलं नाही, तर ॲडव्हान्स देऊ नका.